पालिकाही घरमालकच आहे
घरं बांधणं म्हाडाचं (राज्याच्या गृहनिर्माण मंडळाचं) काम, मुंबई पालिकेने त्यात पैसा का घालावा, असं एकांनी विचारलंय. अहो, १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये शहर सुधारण्यासाठी बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट (बीआयटी) आला, त्याने बीआयटी चाळी बांधल्या आणि १९३३ मध्ये तो ट्रस्ट पालिकेतच विलीन झाला, म्हणजे त्या चाळींची मालक पालिकाच झाली! माझगावच्या अशाच एका खोलीत मी वाढलो. मोरीला लागून स्टोव्ह, पोटमाळ्यावर दोन काका, पण भाडं आईच्या पगारात बसायचं. आज माझी मुलगी परळला नर्स आहे आणि बदलापूरहून पहाटेची लोकल पकडते. २०२५-२६ चा पालिकेचा अर्थसंकल्प ७४,४२७ कोटींचा होता. परवडणाऱ्या भाड्याच्या घरांसाठी स्वतंत्र तरतूद करा, हे आपण सगळ्यांनी आपापल्या वॉर्ड ऑफिसात लेखी द्यायला हवं. मी या सोमवारी देतोय.