मदत हवी आहे: अमेरिकेची पहिली राज्यव्यवस्था (१७८१) आठवीतल्या मुलीला कशी समजावू?

नमस्कार मंडळी,

आम्ही न्यू जर्सीत राहतो. लेक आठवीत आहे आणि तिला 'आर्टिकल्स ऑफ कॉन्फेडरेशन'वर प्रकल्प करायचा आहे. म्हणजे आताच्या अमेरिकन घटनेच्या आधीची राज्यव्यवस्था. पुस्तकातली दोषांची यादी तिला पाठ आहे: काँग्रेसला (राज्यांच्या प्रतिनिधींच्या सभेला) कर बसवता येत नव्हता, राष्ट्राध्यक्ष नव्हता, देशाचं न्यायालय नव्हतं. पण "इंग्लंडशी लढणाऱ्या माणसांनी इतकं दुबळं सरकार का बनवलं?" असं तिने विचारलं आणि मी अडकले. तेव्हापासून वाचतेच आहे.

मला कळलं ते असं. १७७७मध्ये काँग्रेसने मसुदा मंजूर केला तेव्हा युद्ध चालू होतं, आणि तेही दूरच्या पार्लमेंटने लादलेल्या करांवरून पेटलेलं. पुन्हा तसंच वरचढ सरकार कुणालाच नको होतं. जॉन डिकिन्सन यांच्या मूळ मसुद्यात केंद्राला जास्त अधिकार होते, ते काँग्रेसनेच कमी केले. काँग्रेसने राज्यांकडे नुसती वर्गणी मागायची, दिली तर दिली. इथल्या मंडळाच्या गणपतीची वर्गणी लेकीने पाहिलेली आहे, त्यामुळे हे तिला लगेच कळलं. फक्त इथे त्या वर्गणीवर सैनिकांचे पगार अवलंबून होते. जून १७८३मध्ये थकलेल्या पगारासाठी सैनिकांनी फिलाडेल्फियात काँग्रेसच्या इमारतीला वेढा घातला. पेनसिल्व्हेनियाने आपली मिलिशिया (राज्याचं नागरिकांचं सैन्य) बोलावली नाही (तिथले प्रमुख तेव्हा हेच डिकिन्सन होते!), आणि काँग्रेस उठून इथे न्यू जर्सीत प्रिन्स्टनला आली. मागच्या शनिवारी तिला नासाउ हॉल दाखवून आणलं. देशाचं सरकार चार महिने इथे बसत होतं, हे तिला खरंच वाटेना.

मग आमच्या राज्याची गोष्ट सापडली. न्यू जर्सीला येणारा परदेशी माल मुख्यतः न्यूयॉर्क आणि फिलाडेल्फियाच्या बंदरांतून यायचा. जकात ती राज्यं घेणार, भुर्दंड न्यू जर्सीच्या गिऱ्हाइकाला. काँग्रेसलाच ५ टक्के आयात जकात घेऊ द्यावी, असा प्रस्ताव १७८१मध्ये आला होता. एकट्या ऱ्होड आयलंडने नकार दिला आणि तो बारगळला, कारण कुठल्याही दुरुस्तीला तेराच्या तेरा राज्यांची संमती लागायची. १७८३मध्ये आयात जकातीचा प्रस्ताव पुन्हा आला, त्याला न्यूयॉर्क आडवं आलं. वैतागून फेब्रुवारी १७८६मध्ये न्यू जर्सीने ठराव केला की न्यूयॉर्क मान्यता देईपर्यंत आम्हीही आमचा वाटा देणार नाही. काँग्रेसकडे सक्ती करायचं साधनच नव्हतं. चार्ल्स पिंकनी वगैरे सभासद समजूत काढायला आले, तेव्हा कुठे ठराव मागे घेतला गेला.

यामुळे मला वाटायला लागलंय की कराचा अधिकार नसणं ही अडचण होती, पण मूळ दुखणं एकमताची अट हेच होतं. चूक सगळ्यांना दिसत होती, सुधारायची वाट तेवढी बंद. लेकीला हे पटलं. मग तिचा पुढचा प्रश्न आला: "१७८७मध्ये फिलाडेल्फियाला जमले ते तर जुनी कलमं फक्त सुधारायला. त्यांनी नवीनच घटना लिहिली आणि ती नऊ राज्यांच्या मान्यतेवर लागू होईल असं स्वतःच ठरवलं. मग त्यांनी स्वतःचाच कायदा मोडला ना?" ऱ्होड आयलंडने तर त्या सभेला माणूसही पाठवला नव्हता आणि मान्यता दिली ती थेट १७९०मध्ये.

इथे मला तुमची मदत हवी आहे. राज्यशास्त्र किंवा कायदा शिकलेल्यांनी सांगावं, त्या बदलाचं समर्थन तेव्हा कोणत्या आधारावर केलं गेलं? लोकांनी निवडलेल्या खास सभांनी राज्याराज्यांत मान्यता दिली, हे उत्तर पुरेसं आहे का? मला ते अर्धवट वाटतं. तेराव्या वर्षी तिने इतका प्रामाणिक प्रश्न विचारलाय, तर मला तिला गुळमुळीत उत्तर द्यायचं नाहीये.

दुसरं, 'कॉन्फेडरेशन'ला मराठीत काय म्हणावं? 'संघराज्य' म्हटलं की १७८७नंतरचं चित्र उभं राहतं. मी सध्या 'राज्यमंडळ' वापरतेय. साताऱ्याच्या आजोबांना व्हिडिओ कॉलवर ती प्रकल्प मराठीतून सांगणार आहे, म्हणून शब्द नेमका हवा.

प्रकल्प पुढच्या शुक्रवारी द्यायचा आहे.