मदत हवी आहे : मनात शंका असताना प्रार्थना कशी करावी?

सर्वांना प्रभूमध्ये सलाम. आठ महिन्यांपासून आईचं डायलिसिस चालू आहे, आठवड्यातून दोनदा. रोज रात्री तिच्या उशाशी बसून प्रार्थना करतो, पण 'आमेन' म्हणताना जीभ जड होते. देव ऐकतोय ना, हा प्रश्न पाठ सोडत नाही. मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, कुणाशी बोललो नाही. विश्वास कमी पडतोय म्हणतील, ही भीती.

बायबलमधल्या मार्क 9:24 मधला आजारी मुलाचा बाप मला फार जवळचा वाटतो. विश्वास आहे म्हणाला आणि त्याच दमात 'माझा अविश्वास घालवून टाका' अशी विनवणीही केली. प्रभू येशूने त्याला माघारी लावलं नाही, मुलाला बरं केलं. बायबलमधल्याच स्तोत्र 13 मध्ये तर दावीद राजा पहिल्या दोनच वचनांत चारदा 'कोठवर?' विचारतो. आईच्या बायबलमध्ये त्याखाली पेन्सिलीची जुनी, पुसट रेघ आहे. तिलाही कधी असंच वाटलं होतं का? विचारायचा धीर होत नाही.

तुमच्यापैकी कुणी अशा दिवसांतून गेलं असेल तर कृपया सांगा, तेव्हा प्रार्थनेत नेमकं काय म्हणत होतात? आणि आधी चर्चच्या पाळकसाहेबांशी बोलू की आईशीच?