स्पाऊस पीआरची (जोडीदारामार्फत कायमच्या रहिवासाची) फाइल चालू असताना व्हिजिटर व्हिसावर बायकोला भेटायला जाता येतं का? (कॅनडा)

ऊसवाला_कोल्हापूर

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांबडा आहे, सांभाळून घ्या.

लग्नाला चौदा महिने झाले, त्यात एकत्र राहिलोय मोजून एकोणतीस दिवस. बायको कॅलगरीला नर्स आहे, लग्नाच्या आधीपासूनच पीआर. लग्न झाल्यावर तिनं मला स्पॉन्सर केलं, फाइल आउटलँड (म्हणजे मी कॅनडाबाहेर असताना) टाकली आहे, एओआर (फाइल मिळाल्याची पोच) येऊन पाच महिने झाले, मेडिकल झालं, बायोमेट्रिक झालं, आणि तेव्हापासून अकाउंट उघडलं की तेच, इन प्रोग्रेस. सकाळी दात घासायच्या आधी बघतो, रात्री झोपताना बघतो. तिकडे रात्र असताना इकडे दिवस, तिची नाइट ड्यूटी असली की तेवढंच जरा निवांत बोलणं होतं.

तर डिसेंबरात चार आठवडे जाऊन यावं म्हणतोय. मी इथे एका पतसंस्थेत नऊ वर्षं नोकरीला आहे, रजा शिल्लक आहे. अडचण अशी की प्रत्येकजण वेगळं सांगतोय. इथला एक एजंट म्हणतो पीआर फाइलचा उल्लेखच करू नका, चुलतभावाकडे फिरायला चाललोय असं लिहू, नाहीतर त्यांना वाटणार हा परत येत नाही. मामा म्हणतात व्हिसा रिफ्यूज झाला तर पीआर पण गेलं समजा, गप बस. आणि आई म्हणते, जा बाबा एकदाचा, लोक विचारायला लागलेत सून नांदायला कधी येणार, आता त्यांना काय सांगू की इथं जावईच नांदायला जायचाय.

कुणी असं जाऊन आलंय का? खरंखरं सांगा.

बर्फात_रुतलेला

पहिली गोष्ट, त्या एजंटला हात जोडा आणि लांब व्हा. व्हिजिटर व्हिसाच्या फॉर्ममध्ये (आयएमएम ५२५७) सरळ प्रश्न आहे की कॅनडात यायला किंवा राहायला आधी कधी अर्ज केलाय का. तुमची पीआर फाइल त्यांच्याच सिस्टिममध्ये आहे, यूसीआय नंबर (त्यांच्याकडचा तुमचा ओळख क्रमांक) पडलेला आहे, तिथं 'नाही' लिहिलं तर ते चुलतभावाचं लफडं पाच मिनिटांत उघडं पडणार. त्याला मिसरिप्रेझेंटेशन म्हणतात, इमिग्रेशन कायद्याचं कलम ४०, लागलं तर ५ वर्षांची बंदी, आणि तेवढा काळ पीआरसाठी पण अर्ज करता येत नाही. म्हणजे मामांना ज्याची भीती वाटतेय ते साध्या रिफ्यूजलनं होत नाही, खोटं बोलल्यानं होतं.

दुसरं, कायद्यातच सोय आहे. कलम २२(२), ड्युअल इंटेंट म्हणतात. पुढे कायमचं राहायचा इरादा आहे एवढ्यावरून तात्पुरता व्हिसा नाकारायचा नाही, फक्त मुदत संपल्यावर माणूस परत जाईल हे ऑफिसरला पटलं पाहिजे. सगळी मेख या 'पटलं पाहिजे'मध्ये आहे बरं का, कारण रिफ्यूज करताना पण हेच कारण देतात, रेग्युलेशन १७९(बी), तुम्ही परत जाल याची खात्री वाटत नाही.

तर लपवायचं नाहीच, उलट पत्राच्या पहिल्याच परिच्छेदात लिहा की माझी स्पाऊसल फाइल अमुक नंबरची चालू आहे, मी अमुक तारखेला येतोय, अमुक तारखेला परत, आणि पीआर व्हायच्या आधी मुदत संपली तर मी कॅनडा सोडेन. मे २०२३ मध्ये तेव्हाचे इमिग्रेशन मंत्री शॉन फ्रेझर यांनी जाहीर केलं होतं की स्पाऊसची फाइल असलेल्यांचे व्हिजिटर व्हिसा वेगळ्या पद्धतीनं बघणार आणि बहुतेक ३० दिवसांत निकाली काढणार. आता त्या ३० दिवसांवर तिकीट काढून बसू नका म्हणजे झालं. पण फाइल असणं हा गुन्हा नाही एवढं त्यावरून कळतं.

फी १०० डॉलर, बायोमेट्रिक परत मागितलं तर वर ८५.

फुल_टू_कॅनडा

एवढं काय टेन्शन घेताय भाऊ, एकदा आत घुसा आणि तिथेच राहा. सहा महिने देतात, मग एक्स्टेन्शन टाका, तोपर्यंत पीआर येतंय. माझ्या मित्रानं असंच केलं, तिथं गेल्यावर रोखीत कामपण मिळालं त्याला.

बर्फात_रुतलेला

अहो अर्धं बरोबर अर्धं चूक सांगून माणसाला खड्ड्यात घालू नका. साधारण सहा महिने मिळतात हे खरं, मुदत संपायच्या आत व्हिजिटर रेकॉर्डसाठी (म्हणजे मुक्काम वाढवायला) अर्ज टाकला तर निर्णय येईपर्यंत राहता येतं हेही खरं. पण यांनी रजेचं पत्र चार आठवड्यांचं लावायचं आणि मनात दोन वर्षांचं धरायचं, हे कसं चालेल? आणि रोखीतलं काम म्हणजे तर आपल्याच हातानं आपली फाइल जाळणं. वर्क परमिट नसताना तिथं काम नाही म्हणजे नाही.

माहेर_सातारा

मी दोनदा अर्ज केलाय म्हणून लिहिते. नवरा ओंटारिओत, २०२२ ची गोष्ट. पहिल्यांदा रिफ्यूज. तोच छापील मजकूर, परत जाल असं वाटत नाही वगैरे. दोन दिवस रडले मग नवऱ्याला म्हटलं नोट्स काढ. जीसीएमएस नोट्स म्हणतात, ऑफिसरनं आत काय टिपलंय ते कळतं, अर्ज कॅनडात असलेल्या नवऱ्यानं टाकला, ५ डॉलर फी आणि माझ्या सहीचा कन्सेन्ट फॉर्म. महिन्याभरात आल्या. त्यात चार ओळी. बँकेत अचानक मोठी रक्कम, स्रोत स्पष्ट नाही. नोकरीचा पुरावा कमकुवत. नवरा तिकडे. बास.

ती मोठी रक्कम म्हणजे वडिलांनी अर्जाच्या आठ दिवस आधी माझ्या खात्यात टाकलेले चार लाख, बॅलन्स चांगला दिसावा म्हणून! त्यांना वाटलं मदत केली. ऑफिसरला वाटलं उसने आणून दाखवलेत. दुसऱ्या वेळी खात्यात पाऊण लाख कमीच होते, पण सहा महिन्यांचा पगार ओळीनं दिसत होता, शाळेचं रजा मंजुरीचं पत्र होतं ज्यात रुजू व्हायची तारीख होती, आणि आधीचं रिफ्यूजल मी स्वतःच लिहून काय बदललंय ते सांगितलं. सुट्टी पण तीन महिन्यांवरून पाच आठवड्यांवर आणली. मिळाला.

आणि हो, त्या रिफ्यूजलचा पीआरवर काही परिणाम झाला नाही. वेगळा अर्ज, वेगळा निर्णय. मामांना सांगा. फक्त यापुढे कुठल्याही फॉर्मवर 'कधी व्हिसा नाकारलाय का' ला हो लिहायचं.

ऊसवाला_कोल्हापूर

माहेर_सातारा ताई, तुमचं ते चार लाखांचं वाचून पोटात गोळा आला, कारण माझ्या खात्यात गेल्या महिन्यात उसाचं बिल जमा झालंय. पावणेतीन लाख, एकाच दिवशी! पगार माझा बत्तीस हजार. आता ते बघून काय म्हणतील? काढून आईच्या खात्यात टाकू का?

दुसरं, जमीन वडिलांच्या नावावर होती, ते गेल्यावर वारस नोंद झाली, सातबाऱ्यावर माझं, आईचं आणि बहिणीचं नाव आहे. ते लावून उपयोग आहे का? आणि तलाठी भेटणं म्हणजे देव भेटणं.

माहेर_सातारा

अहो काढू नका, काढलं की अजून संशयास्पद दिसतं, आलं आणि गेलं. कारखान्याची पावती असेल ना, किती टन, काय दर, कुठल्या खात्यात, ती लावा आणि पत्रात एक ओळ, ही माझ्या शेतातल्या उसाची रक्कम आहे, दरवर्षी हंगामात येते, मागच्या वर्षीची एंट्री पण दाखवा. तुमची तर उलट चांगली बाजू आहे ही! पगारी नोकरी आणि वर शेत, पुढच्या हंगामाला माणूस लागणारच.

सातबाऱ्यासाठी तलाठ्याकडे जायची गरज नाही, डिजिटल सहीचा १५ रुपयांत ऑनलाइन मिळतो. मात्र मराठी कागद तसाच टाकायचा नाही, इंग्रजी भाषांतर लागतं, भाषांतरकाराच्या शपथपत्रासकट, आणि मूळ कागदाची प्रत सोबत. नातेवाइकाकडून भाषांतर करून घेऊ नका, चालत नाही. माझ्या मैत्रिणीनं 'पोटखराबा'चं (लागवडीला न येणाऱ्या जमिनीचं) भाषांतर स्वतःच केलं होतं, पोट खराब असं, आणि मग विचारत बसली की हे जमिनीला कसं होतं.

रात्रपाळी_एडमंटन

मी तुमच्या बायकोच्या बाजूची, म्हणजे स्पॉन्सर. माझा नवरा गेल्या वर्षी असाच येऊन गेला, त्याचं पीआर नंतर सहा महिन्यांनी झालं.

तिच्याकडून काय काय लागेल ते सांगते. इन्व्हिटेशन लेटर, पीआर कार्डाची प्रत, नोकरीचं पत्र, शेवटच्या पे स्लिपा, टॅक्सची नोटीस ऑफ असेसमेंट, घरभाड्याचं अ‍ॅग्रीमेंट. पत्रात तिकडचा खर्च कोण करणार ते स्पष्ट लिहायला सांगा. आणि कुणी 'मग तीच का येत नाही इकडे राहायला' म्हणालं तर, पीआर असलेल्या स्पॉन्सरला फाइल चालू असताना कॅनडातच राहावं लागतं, बाहेर राहायची सवलत फक्त सिटिझनला. दोन आठवडे येऊन जाणं वेगळं. हे माझ्या सासूबाईंना समजवायला मला एक अख्खी दिवाळी लागली.

हेल्थ इन्शुरन्स विसरू नका. व्हिजिटरला आमच्या अल्बर्टाचं सरकारी कार्ड मिळत नाही आणि नवरा बर्फात पाय घसरून पडला तर बिल डॉलरमध्ये येतं. आमचे हे तिसऱ्याच दिवशी ड्राइव्हवेमध्ये पडले, कोल्हापुरी चप्पल घालून कचरा टाकायला गेले होते. सुदैवानं नुसता मुका मार.

आता विमानतळाचं. व्हिसा मिळाला म्हणजे आत सोडलंच असं नसतं, शेवटचा निर्णय तिथल्या ऑफिसरचा. यांना बाजूच्या खोलीत नेलं. बॅग उघडली तर पोळपाट, कुकर, चटणीचे तीन डबे इथवर ठीक होतं, खाण्याचं सगळं डिक्लेअर केलेलं होतं. पण खालून निघाली फाइल. दहावीपासूनच्या सगळ्या ओरिजिनल मार्कशीट, डिग्री, एक्सपिरियन्स लेटर. ऑफिसर म्हणाला, पाच आठवड्यांच्या सुट्टीला दहावीची मार्कशीट कशाला? यांना काही सुचेना. सासऱ्यांनी 'असू दे, जाताजाता घेऊन जा' म्हणून कोंबली होती. पाऊण तास बसवलं, मग मला फोन केला, रिटर्न तिकीट बघितलं, ऑफिसचं पत्र बघितलं आणि सोडलं. परतायच्या तारखेपर्यंतच राहायचं म्हणून पासपोर्टवर पेनानं तारीख घातली, सहा महिने नाहीत. ठीक आहे, तेवढेच मागितले होते.

ऊसवाला_कोल्हापूर

अरे देवा. माझी पण फाइल तयार करून ठेवली होती बहिणीनं, लॅमिनेट करून. काढतो.

एक शेवटचं. मी तिकडे असतानाच पीआरवाल्यांनी काही कागद मागितले किंवा इंटरव्ह्यूला बोलावलं तर?

बर्फात_रुतलेला

कागद ऑनलाइनच मागतात, कॅलगरीत बसून अपलोड करा. आउटलँड फाइलचा इंटरव्ह्यू लागला तर मात्र तो बाहेरच्या ऑफिसात, परत यावं लागेल, पण सरळ केसमध्ये बऱ्याचदा लागत नाही. पत्ता तात्पुरता बदलतोय हे वेबफॉर्मवर कळवून ठेवलं तर बरं. आणि जाऊन आल्याचे बोर्डिंग पास, दोघांचे फोटो, तिथल्या भाजीच्या पावत्या सुद्धा ठेवा, पुढे नातं खरं असल्याचा पुरावा मागितला तर पाठवायला होतात. एकोणतीस दिवसांत अजून अठ्ठावीस मिळवाल.

ऊसवाला_कोल्हापूर

झालं. कारखान्याच्या गट ऑफिसला जाऊन दोन वर्षांच्या पावत्या आणल्या, भाषांतराला टाकल्या. मॅनेजर साहेबांनी रजेच्या पत्रात 'दि. १२ जानेवारी रोजी कामावर हजर राहणे बंधनकारक' असं स्वतःहून घातलंय, वर म्हणाले, नाही आलास तर मार्चएंडला मी काय करू. बायको विचारतेय जाड जाकीट कितीचं घेऊ, मापाला माझा जुना शर्टपण तिच्याकडे नाही. आज रात्री टेप घेऊन व्हिडिओ कॉल आहे.