मुलांना कोणती ‘श्यामची आई’ दाखवावी, १९५३ ची की २०२३ ची?

बोरीकाठ (अमळनेर तालुका)

नमस्कार. आमच्या गावच्या वाचनालयात दर शनिवारी सायंकाळी सहावी ते आठवीची पंचवीस-तीस मुले जमतात. ११ जून हा साने गुरुजींचा स्मृतिदिन, म्हणून त्या आठवड्यात ‘श्यामची आई’ दाखवावी असे ठरले. परंतु आचार्य अत्रे यांचा जुना चित्रपट दाखवायचा की सुजय डहाके यांचा नवा, यावर आमच्यातच एकमत होईना.

मी दोन्ही पाहिले आहेत. जुना लहानपणी दूरदर्शनवर पाहिला तेव्हा हुंदके देऊन रडले होते. परवा पुन्हा पाहिला तेव्हा रडू आले नाही असे नाही, पण ही आई प्रत्येक प्रसंगातून काहीतरी शिकवूनच उठते, हे या वयात जरा खटकले. नवा चित्रपट त्या मानाने अबोल आहे. मात्र त्यात काळ मागेपुढे होतो, तो आमच्या मुलांना उमगेल का, ही शंका आहे. शिवाय दोन्ही कृष्णधवल! एका मुलाने आधीच विचारून ठेवले आहे की, “ताई, नवा असून त्यात रंग का नाहीत?” आणखी एक अडचण अशी की, कपाशी आणि केळी पाहत वाढलेल्या या मुलांना कोकणातले ते घर, ते सोवळे-ओवळे, ती व्रतवैकल्ये किती आपली वाटतील?

ज्यांनी मुलांबरोबर बसून यांपैकी एखादा चित्रपट पाहिला आहे, त्यांनी कृपया लिहावे. गुरुजींविषयीचा आदर आपणा सर्वांनाच आहे, तेव्हा तो गृहीत धरून पुढे बोलू या.

जुने मास्तर (एरंडोल)

ताई, माझे मत जुन्याच्या बाजूचे आहे आणि ते केवळ वयामुळे नाही. साने गुरुजी जून १९५० मध्ये गेले आणि चित्रपट १९५३ साली आला. म्हणजे गुरुजींना प्रत्यक्ष ऐकलेली माणसे तेव्हा प्रेक्षकांत बसलेली होती. त्यांच्यासमोर खोटे चालले नसते. पहिल्याच राष्ट्रीय पुरस्कारांत राष्ट्रपतींचे सुवर्णपदक याच चित्रपटाला मिळाले, आणि त्या वर्षी स्पर्धेत ‘दो बिघा जमीन’ होता, हे लक्षात घेतले म्हणजे त्या पदकाचे वजन कळते.

आईची भूमिका करणाऱ्या वनमालाबाईंचे मला विशेष वाटते. १९४१ च्या ‘सिकंदर’मध्ये दरबारी थाटात वावरलेली ही नटी इथे जुनेर नेसून चुलीपुढे बसते आणि क्षणभरही परकी वाटत नाही. ती शिकवते खरी, पण शिकवताना तिचे हात कामात असतात. पोहायला घाबरणाऱ्या श्यामला ती मारते आणि मग तिचाच जीव कासावीस होतो. त्या प्रसंगात उपदेशाला जागाच उरत नाही.

मुलांचा अनुभव विचारलात म्हणून सांगतो. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत शाळेच्या पटांगणात पडदा बांधून हा चित्रपट दाखवला होता. रीळ बदलताना मध्ये मध्ये अंधार होई, आणि त्या अंधारात नाक ओढल्याचे आवाज स्पष्ट ऐकू येत. पुढचे पंधरा दिवस मात्र मी वर्गात शिरलो की मागच्या बाकावरून ‘छडी लागे छमछम’ सुरू होई. संस्कार झाला तो असा.

तापीचा वारा (भुसावळ)

मास्तर, जुन्या चित्रपटाबद्दल तुम्ही लिहिलेले सर्व मान्य करूनही मी नव्याची शिफारस करीन. २०२३ च्या दिवाळीत जळगावला पाहिला तेव्हा सभागृहात आम्ही बारा-तेरा जण होतो. पुढे त्याला मराठीतील सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तेव्हा त्या रिकाम्या खुर्च्या आठवल्या.

गुरुजींनी हे पुस्तक १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात अवघ्या पाच दिवसांत लिहिले. आईला जाऊन तेव्हा पंधरा वर्षे उलटून गेली होती. म्हणजे पुस्तकातली आई ही तुरुंगातल्या तेहेतीस वर्षांच्या माणसाला आठवलेली आई आहे, आणि आठवणीतली आई थोडी अधिक शहाणी, थोडी अधिक बोलकी होतेच. नव्या चित्रपटात ओम भूतकर यांनी उभे केलेले गुरुजी दिसतात, त्यामुळे कोण आठवतो आहे आणि कुठे बसून, हे प्रेक्षकाला कळते. बोरीकाठताई, तुम्हाला जो उपदेश खटकला, त्याचे उत्तर मला इथे सापडले. रंगांच्या प्रश्नाचेही तेच उत्तर आहे. अत्र्यांच्या काळी कृष्णधवल हीच रीत होती. डहाके यांनी ते ठरवून निवडले आहे, आणि आठवणीला ते शोभते.

उणे सांगायचे तर स्वातंत्र्यलढ्याचा भाग मला बालपणाइतका मुरलेला वाटला नाही. आणि एक खान्देशी तक्रार आहेच. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलातला, वसतिगृहातल्या मुलांची आई होऊन राहिलेला शिक्षक, धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली विनोबांची गीता-प्रवचने उतरवून घेणारा सत्याग्रही, काँग्रेसच्या फैजपूर अधिवेशनासाठी गावोगाव हिंडलेला कार्यकर्ता, या माणसावर स्वतंत्र चित्रपट व्हायला हवा. कोकणाने श्याम दिला हे खरे, पण गुरुजी इकडे घडले.

पांझरा (धुळे)

माझे मत थोडे वेगळे आहे. दोन्ही चित्रपटांत चूक नेहमी मुलाची आणि क्षमा नेहमी आईची असते. माझ्या दहा वर्षांच्या मुलाने जुना चित्रपट अर्ध्यावर सोडला आणि विचारले, “आईचं कधीच चुकत नाही का?” मला उत्तर देता आले नाही. त्याला २०१८ चा ‘नाळ’ मात्र फार भिडला. त्यातल्या चैत्याला आपली आई जन्मदाती नाही हे कळते आणि तो तिच्याशी फटकून वागू लागतो. देविका दफ्तरदार यांनी केलेली ती आई काही सुचत नाही म्हणून गप्प राहते, दुखावते, कामाला लागते. नदीकाठचे ते वऱ्हाडी गाव आमच्या मुलांना कोकणापेक्षा जवळचेही वाटेल. स्मृतिदिनाला तो चालणार नाही हे मला समजते, परंतु त्यानंतरच्या शनिवारी अवश्य दाखवावा.

जुने मास्तर (एरंडोल)

पांझराताई, तुमच्या चिरंजीवांना माझा नमस्कार सांगा. छत्तीस वर्षांच्या नोकरीत एकाही विद्यार्थ्याने मला हे विचारले नाही, आणि आता वाटते की आम्ही त्यांना विचारू दिले नसावे. मत मात्र बदललेले नाही!

बोरीकाठ (अमळनेर तालुका)

सर्वांचे आभार. काल मुलांना पुस्तकातले ‘पत्रावळ’ हे प्रकरण वाचून दाखवले. कोकण दूर पडेल ही माझी भीती पहिल्या पानावरच गेली, कारण आमच्याकडे लग्नातल्या वरण-बट्टीच्या पंगतीमुळे पत्रावळ प्रत्येकाला ठाऊक होती, आणि दोघा-तिघांच्या आजी ती अजून स्वतः लावतात. पत्रावळ शिकत नाहीस तर जेवू नकोस, असे आई ठणकावते, त्या ठिकाणी एक मुलगी पटकन म्हणाली, “मनी माय बी अशीच शे.”

तेव्हा ११ जूनच्या आठवड्यात जुना चित्रपट, पण दोन शनिवारी अर्धा अर्धा, कारण सलग दोन तासांहून अधिक वेळ ही मंडळी बसणार नाहीत. तिसऱ्या शनिवारी नवा दाखवीन आणि पाच दिवसांत लिहिलेल्या पुस्तकाची हकीकत त्याआधी सांगेन. ‘नाळ’ त्यानंतर. पडद्यासाठी पांढरे कापड मिळाले आहे, प्रोजेक्टर तालुक्याहून येईल. प्रश्न एवढाच आहे की जूनमध्ये आमच्याकडे साडेसातपर्यंत उजेड असतो आणि वाचनालयाच्या खिडक्यांना पडदे नाहीत. कोणाकडे जुन्या गोधड्या किंवा जाड चादरी असल्यास कृपया कळवावे.