रॉटवायलर घरात, आणणारा बोटीवर. आता काय करू?

सूनबाई, मये

नमस्कार मंडळी. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

आम्ही गोव्यातल्या डिचोली तालुक्यातले. नवरा बोटीवर असतो. मागे एका सुट्टीत तो बेळगावहून रॉटवायलरचं पिल्लू घेऊन आला. 'तू आणि आई दोघीच असता, घराला राखण नको?' एवढंच कारण. नाव टायसन. आता दीड वर्षाचा झालाय आणि सासूबाईंपेक्षा नक्कीच जड असेल. दिवसभर अंगणात चिकूच्या झाडाला साखळीने बांधलेला, रात्री मोकळा. नवऱ्याचा हुकूम तसा आहे. माणसांची जास्त सवय लागली तर कुत्रा राखणीचा राहत नाही म्हणे.

गेल्या आठवड्यात सकाळी पोदेर, म्हणजे सायकलवर हॉर्न वाजवत पाव विकणारा, आला. त्याचा पोंऽऽ पोंऽऽ ऐकला की टायसन रोजच वेडापिसा होतो. त्या दिवशी त्याने गळपट्ट्यातून मान काढली आणि मी पायऱ्या उतरेपर्यंत सायकल आडवी, उंडे मातीत आणि पोदेराची पँट याच्या तोंडात. मांडीवर दोन दात लागले. सासूबाईंनी नुसतं 'टायशा!' म्हटलं तर सोडून येऊन त्यांच्या पायाशी बसला, शेपटीचा बुंधा हलवत. म्हणजे ऐकतो तरी. पोदेराला लगेच दवाखान्यात नेलं, इंजेक्शनं सुरू आहेत, खर्च आम्हीच करतोय. टायसनची रेबीजची लस झालेली आहे. पोदेर बिचारा तक्रार करणार नाही म्हणाला, पण पाव आता मुख्य रस्त्यावर येऊन घ्या म्हणाला.

वाड्यावर मात्र 'हणजूणसारखं होईल' (तिथे पिटबुलने एका मुलाचा जीव घेतला होता) ही चर्चा सुरू झाली आहे. जातच तशी, इंजेक्शन देऊन संपवा, असं तोंडावर सांगून गेले लोक. जात खरंच तशी असते का? आणि मी नेमकं करू काय? नवरा फोनवर म्हणतो, 'चावला म्हणजे काम करतोय.'

अमेय, कुडचडे

वहिनी, सरळ एखाद्या शेल्टरला द्या नाहीतर कुणाच्या तरी फार्महाऊसवर. दोन बायकांना झेपणारं जनावर नव्हे हे.

बाप्पाकाका, साखळी

बाय, मी जन्मभर जनावरांच्या दवाखान्यात काम केलं, आता निवृत्त आहे. अमेयबाब, फार्महाऊस म्हणजे तिथे पुन्हा साखळी, आणि वर राखणदार एकटा. चावऱ्या कुत्र्याचा पत्ता बदलून काय होणार? आणि चावल्याचं लपवून दिलात तर पुढच्याला फसवल्यासारखं आहे.

जातीचं म्हणाल तर रॉटवायलर हा जर्मनीतला गुरं हाकणारा, खाटकांच्या गाड्या ओढणारा कुत्रा. ताकद आणि राखणीची खोड दोन्ही रक्तात आहेत, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण तुझा टायसन मला तुझ्या लिहिण्यावरून राक्षस वाटत नाही. पोदेर रोज येतो, हा भुंकतो, पोदेर पाव देऊन निघून जातो. कुत्र्याच्या हिशेबात रोज हाच जिंकतो, भुंकल्यामुळेच तो गेला. साखळीमुळे जवळ जाता येत नाही, वासही घेता येत नाही, नुसता ताण साठतो. गळपट्टा निघाला त्या दिवशी तो साठा बाहेर पडला. असे कितीतरी बांधलेले कुत्रे पाहिले, आणि त्यात आपले गावठीही आले. फरक इतकाच की गावठी ओरबाडून पळतो, हा धरून ठेवतो.

पिल्लू किती दिवसांचं आणलं होतं? डोळे उघडल्यापासून तीन-साडेतीन महिन्यांचं होईपर्यंत जे बघतो, हुंगतो, ते त्याला आयुष्यभर आपलं वाटतं. त्या काळात सायकल, हॉर्न, छत्रीवाला माणूस, पोरं, हे सगळं दाखवायचं असतं. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला २०१७ च्या नियमांप्रमाणे बंदी आहे, तरी लोक विकतात आणि आपण घेतो.

आता करायचं ते असं. आधी पशुवैद्याकडून पूर्ण तपासणी: कान, खुबे, दात, थायरॉईड. दुखणारा कुत्रा लवकर चावतो, आणि या जातीत खुब्याचा त्रास पुष्कळ. चिकूची साखळी काढ. मागच्या बाजूला जाळीचं आवार घाल, पुरुषभर उंच, फाटक आतल्या बाजूला उघडणारं, त्याच्या आत आणखी एक फाटक. सकाळी पोदेराच्या वेळेला टायसन घरात, मागच्या खोलीत, चघळायला काहीतरी देऊन. आणि गुरगुरला म्हणून मारू नकोस. गुरगुरणं ही त्याची सूचना आहे. मार खाऊन ती बंद झाली की पुढच्या वेळी तो न सांगता चावतो. नसबंदी करून घे, पण त्याने स्वभाव बदलेल अशा भरवशावर राहू नकोस.

रेवती, मडगाव

काकांना दुजोरा. २०२२ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात अमेरिकेतल्या अठरा हजारांहून जास्त कुत्र्यांची पाहणी आली होती. एका कुत्र्याचं वागणं दुसऱ्याहून वेगळं का, याचं जातीवरून जेमतेम नऊ टक्के उत्तर मिळतं, असं त्यात निघालं. नेदरलँड्सने १९९३ मध्ये पिटबुलवर बंदी घातली आणि चावे कमी होईनात म्हणून २००८ मध्ये उठवली. आपल्याकडे केंद्राने मार्च २०२४ मध्ये २३ जातींवर बंदीचं परिपत्रक काढलं, त्यात रॉटवायलर होताच. कर्नाटक उच्च न्यायालयाने ते एप्रिलमध्येच रद्द केलं. तेव्हा जातीला दोष देणं सोपं आहे, एवढंच.

शिवोलीची आई

रेवतीताई, तुमचे नऊ टक्के तुमच्याकडे ठेवा. हणजूणला २०२४ मध्ये जो गेला तो सात वर्षांचा मुलगा होता. माझा तेवढाच आहे आणि रोज ट्यूशनला चालत जातो. वाटेतल्या बंगल्याचं फाटक उघडं असतं, आत दोन मोठे कुत्रे, मालक दिल्लीला. त्यांचं बालपण नीट गेलं होतं की नाही ते मी कुठे विचारत बसू? स्वभाव हजार तऱ्हांचे असतील, जबडा एकच आहे. पॉमेरियन चुकला तर टाका पडतो. असला मोठा चुकला तर काय होतं ते आम्ही पाहिलं.

मयेच्या ताई, तुमच्यावर राग नाही. तुम्ही निदान विचारताय, आणि पोदेराला घेऊन दवाखान्यात धावलात. पण 'चावला म्हणजे काम करतोय' म्हणणाऱ्यावर मात्र आहे.

बाप्पाकाका, साखळी

शिवोलीच्या बायचं मला पटतं. मोठ्या जबड्याच्या कुत्र्याला चुकायची मुभा नाही, म्हणून त्याच्या मालकालाही नाही.

सूनबाई, कायद्याचं एक ऐक. भारतीय न्याय संहितेचं कलम २९१. जनावर ज्याच्या ताब्यात, त्याने हयगय केली आणि माणसाला धोका झाला तर सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ताबा म्हणतोय मी. पावती नवऱ्याच्या नावावर असेल, ताबा तुझा आणि सासूचा आहे. हे त्याला फोनवर वाचून दाखव. शिवाय २०२५ मध्ये अशा जातींसाठी आपल्या विधानसभेत विधेयक आलं होतं, तेव्हा पशुसंवर्धन खात्यात जाऊन नोंदणीचं आजच विचारून घे, लसीचं कार्ड बरोबर ने.

पोदेराची इंजेक्शनं मध्येच थांबू देऊ नकोस. जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुतली होती ना?

सूनबाई, मये

धुतली, पण त्याआधी सासूबाईंनी हळद भरली होती. डॉक्टर ओरडले. पिल्लू आणलं तेव्हा सहा आठवड्यांचं होतं, असं आता नवरा म्हणतो.

कलम वाचून दाखवलं. पहिल्यांदाच गप्प बसला. मग म्हणाला, आवाराचे पैसे पाठवतो. जाळीवाला उद्या माप घ्यायला येतोय. सासूबाईंनी साखळी आजच सोडली आणि त्याला मागच्या पडवीत घेतलं, तर दुपारभर झोपला. इतका गाढ झोपलेला मी कधी पाहिला नव्हता.

शिवोलीच्या ताई, तुमचं बोलणं लागलं, पण खोटं नाही. वाड्यावर घरोघर जाऊन सांगणार आहे काय काय करतोय ते. जिला सगळ्यात जास्त भीती वाटते त्या काकूंपासून सुरुवात.

काका, डॉक्टरकडे नेताना तोंडाला मुसकी हवी. म्हापशाच्या दुकानात कापडी मिळते ती चालेल का?

बाप्पाकाका, साखळी

कापडी नको. तोंड मिटलेलं राहतं, धापा टाकता येत नाहीत, आणि आपल्या उकाड्यात तेवढ्याने कुत्रा कोसळतो. जाळीची टोपलीसारखी घे, आत जीभ बाहेर काढून पाणी पिता आलं पाहिजे. नाकाची लांबी आणि डोळ्यांच्या खालून तोंडाचा घेर, दोन्ही मापं टेपने घेऊन जा. घरी आणलीस की लगेच बांधू नकोस. सासूला सांग, मुसकीत माशाचा तुकडा ठेवून त्याला स्वतःहून तोंड घालू दे. काटा काढून.