मदत हवी आहे: दिवाळखोरीच्या अर्जात शिलाई मशीन आणि आईचे दागिने

पुढच्या महिन्यात वैयक्तिक दिवाळखोरीचा अर्ज करायचाय. कर्ज माझ्या एकटीच्या नावावर, जामीनदार नाही, घर भाड्याचं. कपडे, अंथरूण-पांघरूण, भांडी सहसा घेत नाहीत, त्यामुळे त्यांची काळजी नाही.

अडलंय दोन गोष्टींवर. माझी दोन शिलाई मशीनं आहेत, एक साधं आणि एक ओव्हरलॉक (कापडाच्या कडा शिवणारं). दोन्हींवरच पोट आहे. ओव्हरलॉक हप्त्यांवर घेतलेलं, पण हप्ते फिटलेत, कागद आहे. उपजीविकेची अवजारं बऱ्याचदा जप्तीतून वगळतात, पण काही वेळा किमतीच्या मर्यादेपर्यंतच.

दुसरं म्हणजे आईचे दागिने. ते तिचेच आहेत, फक्त माझ्या कपाटात असतात. पावत्या नाहीत. 'बहिणीकडे ठेवून दे' असं दोघांनी सुचवलं. ते मी करणार नाही. अर्जाआधी हलवलेली वस्तू परत मागवता येते, आणि लपवलं असं ठरलं तर कर्जमाफीच धोक्यात येते.

सगळ्या सामानाची यादी आणि फोटो तयार आहेत. वकिलांची भेट दोन आठवड्यांनी आहे, तिथे कागद घेऊनच जायचंय.

ज्यांनी हे केलंय त्यांनी सांगा: पावती नसताना दागिने आईचे आहेत हे कशावर मान्य झालं, जुने लग्नातले फोटो की तिचं प्रतिज्ञापत्र? आणि मशीनची किंमत खरेदीची लावली, की आज जुनं म्हणून विकलं तर येईल ती?