एम.ए. इंग्रजी, पहिलं सेमिस्टर, बजेट 2000 रुपये: नागपुरात काय घेऊ?

काटोलहून
नमस्कार. बी.ए.पर्यंत सगळं मराठी माध्यमातून झालं, आता नागपुरात एम.ए. इंग्रजीला प्रवेश घेतला आहे. या सेमिस्टरला मिल्टनचं महाकाव्य 'पॅराडाइज लॉस्ट' बुक वन (पहिला खंड), शेक्सपिअरचं नाटक 'किंग लिअर' आणि छंद-अलंकार असा भाग आहे. पुस्तकांसाठी 2000 रुपये आहेत, त्यावर एक रुपया नाही. लॅपटॉप नाही. मोबाईल आहे, पण खोलीवर नेट धड चालत नाही. वर्गात सांगितलेलं समजतं, पण मूळ कविता उघडली की तिसऱ्या-चौथ्या ओळीनंतर वाक्य हातातून सुटतं. या पैशात नेमकं काय घ्यावं? रविवारी बर्डीच्या बाजारात जुनी पुस्तकं बघायला जाणार आहे.

धंतोलीकर
डोळे मिटून नॉर्टन अँथॉलॉजी, म्हणजे इंग्रजी साहित्यातल्या वेच्यांचा संग्रह, घे. 2018 ची दहावी आवृत्ती, ए ते एफ असे सहा भाग. माझ्याकडे पूर्ण संच आहे आणि साहित्याच्या विद्यार्थ्याला याहून चांगली खरेदी नाही. कठीण शब्दाचा अर्थ त्याच ओळीच्या शेजारी समासात आणि संदर्भ पानाखाली, त्यामुळे कोश उघडावाच लागत नाही. नेट-सेट या प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षांपर्यंत पुरेल.

बर्डीवाचक
दादा, तिने 2000 लिहिलं आहे. नवा संच त्याच्या कितीतरी पुढे जातो.
ताई, संच नको, सुटा 'बी' भाग शोध. सोळावं शतक आणि सतराव्याचा पूर्वार्ध त्यात येतो, मिल्टन त्यातच आहे. आठवी किंवा नववी आवृत्ती असली तरी चालेल, मूळ कविता बदलत नाही. घेताना पुस्तक बरोब्बर मधोमध उघडून कण्याकडे बघ. हजारावर पानांचं कच्च्या पुठ्ठ्याचं पुस्तक आहे, डिंक सुकला असेल तर मधली पानं गठ्ठ्यानं सुटतात. कागद अगदी पातळ असतो. आधीच्या मालकानं पेननं खुणा केल्या असतील तर शाई मागच्या पानावर उमटलेली असते आणि तिथला समासातला अर्थ वाचता येत नाही. पेन्सिलच्या खुणांची प्रत मिळाली तर सोडू नको.

सिव्हिल_लाईन्स_निवृत्त
पुस्तकांची यादी नंतर. आधी बेटा, 'वाक्य सुटतं' म्हणालीस त्याचं बघू, कारण त्यावर पैसे खर्चून उपाय होत नाही.

'पॅराडाइज लॉस्ट'चं पहिलं वाक्य 16 ओळींचं आहे. सुरुवात होते 'ऑफ मॅन्स फर्स्ट डिसओबीडियन्स' अशी, म्हणजे 'कशाविषयी' हे आधी. वाक्याचं मुख्य क्रियापद 'सिंग' येतं थेट सहाव्या ओळीत. पाच ओळी मुख्य क्रियापदाशिवाय लटकत राहतात आणि विद्यार्थी तिथेच हरतो. म्हणून मिल्टन ओळीनं वाचायचा नाही, पूर्णविरामापासून पूर्णविरामापर्यंत वाचायचा.

कृती अशी. पेन्सिलनं आधी वाक्याचा शेवट शोधून उभी रेघ मार. मग वाक्यातलं मुख्य क्रियापद शोधून त्याला चौकट कर. मग ते कोण करतं, त्याला अधोरेख. 'हू', 'विच', 'दॅट' यांच्या मागून येणारी क्रियापदं सहसा मुख्य नसतात, त्यांना कंस घाल. कंसातलं सगळं झाकून उरलेलं वाच. 'हे स्वर्गीय देवते, अमुकाविषयी गा' एवढंच उरतं. मग कंस एकेक करून उघड. सुरुवातीला एका वाक्याला वीस मिनिटं लागली तरी लागू दे. मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे वाट बघण्याची सवय तुला आहेच. त्या बाबतीत मराठी माध्यमाची मुलं मागे नाहीत.

आणखी एक. 1667 च्या पहिल्या आवृत्तीत दहा बुक्स होती, 1674 च्या दुसऱ्या आवृत्तीत बारा झाली. बाजारातल्या गाइडांत हे दोन आकडे सर्रास मिसळलेले असतात. तिथून उचलू नको.

रेशीमबागचा_भाऊ
सगळे रेन अँड मार्टिनचं व्याकरण काहून विसरून राहिले? सर जे सांगून राहिले ना, मुख्य वाक्य-गौण वाक्य वेगळं करणं, त्याचं नाव 'ॲनालिसिस', आणि ते रेन अँड मार्टिनमध्ये पूर्ण धडे लावून दिलं आहे. जुनी प्रत बर्डीवर कुठंही भेटते. तेच घे, दुसरं काही लागत नाही.

हिंगणा_रोड
एम.ए.ला रेन अँड मार्टिन? रेमंड मर्फीचं व्याकरणाचं निळं पुस्तक घ्या. 145 युनिट, डाव्या पानावर नियम, उजव्या पानावर सराव, शेवटी उत्तरं. रोज दोन युनिट केले तर अडीच महिन्यांच्या आत संपतं. जुनी प्रत घेताना उजवी पानं तपासा. सराव आधीच पेनानं भरलेला असेल तर पुस्तक फुकट.

रेशीमबागचा_भाऊ
मर्फीमध्ये बोलायचं-लिहायचं आजचं इंग्रजी आहे भाऊ. मिल्टनचं वाक्य फोडायला त्याचा काय उपयोग? प्रश्न काय आहे ते तर बघा.

हिंगणा_रोड
पण उत्तरपत्रिका तर आजच्या इंग्रजीतच लिहायची आहे ना? मार्क तिथेच कापले जातात.

संत्रानगरी_77
दोघांचं भांडण जुनं आहे, चालू द्या. ताई, व्याकरणावर पैसे घालू नका. ऑक्सफर्डचा ॲडव्हान्स्ड लर्नर्स शब्दकोश संकेतस्थळावर फुकट आहे, ब्रिटिश आणि अमेरिकन दोन्ही उच्चार ऐकायला मिळतात. छापील घेणं म्हणजे दीड किलोचं ओझं.
त्यात नामापुढे 'काउंटेबल' किंवा 'अनकाउंटेबल' (छापील कोशात सी किंवा यू) असं लिहिलेलं असतं, तिकडे आपली मुलं बघतच नाहीत. सी म्हणजे मोजता येणारं, यू म्हणजे न मोजता येणारं. 'ॲडव्हाइस', 'इन्फर्मेशन', 'रिसर्च' या सगळ्यांपुढे यू आहे. म्हणजे त्यांना एस लावायचा नाही आणि आधी 'ॲन' लावायचं नाही. 'इन्फर्मेशन्स' लिहिलेल्या उत्तरपत्रिकांना तोटा नाही. क्रियापदाखालची उदाहरणंही वाचा. 'डिस्कस'पुढे 'अबाउट' येत नाही हे नियम पाठ करून राहत नाही, चार उदाहरणं वाचून राहतं.

धंतोलीकर
शब्दकोश मोबाईलवरच. या काळात छापील कोण घेतं?

महाल_1
मोबाईलवरच, +1. नॉर्टन मात्र खरंच चांगलं आहे, 'बी' भाग बघा.

सिव्हिल_लाईन्स_निवृत्त
शिकाऊंचा शब्दकोश सतराव्या शतकाला पुरत नाही, हे लक्षात असू द्या. 'लिअर'मध्ये 'फॉन्ड' म्हणजे मूर्ख, वेडगळ. 'प्रेझेंटली' म्हणजे ताबडतोब. आजचा कोश 'प्रेमळ' आणि 'थोड्या वेळानं' असं सांगेल, वाक्याला अर्थही लागेल, पण चुकीचा. ओळखीचे शब्दच जास्त फसवतात. अनोळखी शब्द निदान शोधला तरी जातो. अशा वेळी संपादित आवृत्तीच्या टिपा बघायच्या. सॅम्युअल जॉन्सनचा 1755 चा कोशही नेटवर खुला आहे.

बर्डीवाचक
'लिअर'चं निघालंच आहे तर आवृत्ती सांभाळून. या नाटकाचे दोन जुने छापील पाठ आहेत, 1608 चा क्वार्टो आणि 1623 चा फोलिओ, आणि ते जुळत नाहीत. तिसऱ्या अंकाच्या सहाव्या प्रवेशात लिअर आपल्या मुलींवर लुटुपुटीचा खटला चालवतो, तो भाग क्वार्टोत आहे, फोलिओत नाही. तुमच्या प्रतीत तो नसेल तर प्रत फाटलेली नाही, पाठ वेगळा आहे. वर्गात कोणती आवृत्ती वापरतात ते विचारूनच घ्या, नाही तर ओळींचे क्रमांकही जुळणार नाहीत. विकत घ्यायचंच नसेल तर वॉशिंग्टनच्या फोल्जर ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर सगळी नाटकं क्रमांकासह फुकट उतरवता येतात. कॉलेजच्या वायफायवर एकदा उतरवून ठेवा, मग खोलीवर नेट नसलं तरी अडत नाही.

महाल_1
अख्खं पुस्तक झेरॉक्स करून घ्यायचं. कोर्टानं परवानगी दिली आहे.

मेडिकल_चौक
अर्धवट सांगू नका. 2016 साली दिल्ली उच्च न्यायालयासमोर जो खटला होता तो दिल्ली विद्यापीठाच्या कोर्सपॅकचा, म्हणजे अभ्यासक्रमाला नेमलेले उतारे एकत्र करून केलेल्या प्रतींचा. शिकवण्यासाठीच्या त्या प्रतींना कायद्यातला अपवाद लागू होतो असं न्यायालयानं म्हटलं. दिसेल ते पुस्तक स्कॅन करून विकायची ती मुभा नाही.
मिल्टन-शेक्सपिअरचा प्रश्न तसाही येत नाही. आपल्याकडे हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं राहतो. मूळ संहिता खुशाल छापा. आजच्या संपादकाची प्रस्तावना आणि टिपा मात्र त्या संपादकाच्या.

महाल_1
झेरॉक्सवाले कुठे विचारतात?

मेडिकल_चौक
विचारत नाहीत म्हणून हक्क संपत नाही.

हिंगणा_रोड
नेट परीक्षेची तयारीपण आत्तापासून सुरू करा. पेपर एकला 50 प्रश्न, पेपर दोनला 100, प्रत्येकी दोन गुण, तीन तास सलग, निगेटिव्ह मार्किंग नाही. पेपर एक इंग्रजीचा नाही, तिथेच लोक मागे पडतात.

धंतोलीकर
तिचं पहिलंच सेमिस्टर आहे. नेट नंतर.

काव्यवेडी_प्रतापनगर
छंदाबद्दल कुणीच बोललं नाही, आणि मराठीवाल्यांची खरी अडचण तिथेच होते.
ताई, शाळेत आपण भुजंगप्रयात शिकलो, य गण चारदा, लघु-गुरू मोजायचे. ऱ्हस्व-दीर्घाची ती सवय इंग्रजी छंदाला लावू नका. तिथे स्वर लांब की आखूड हे बघत नाहीत, आघात कुठे पडतो ते बघतात. 'शॅल आय कम्पेअर दी टु अ समर्ज डे' ही ओळ घ्या. दहा अक्षरं. पहिली पायरी: एकापेक्षा जास्त अक्षरांचे शब्द शोधा. इथे दोनच आहेत, 'कम्पेअर' आणि 'समर्ज'. कोशात आघाताची खूण ज्या अक्षराच्या आधी असते, आघात त्या अक्षरावर. 'कम्पेअर'मध्ये दुसऱ्यावर, 'समर्ज'मध्ये पहिल्यावर. ओळीत मोजा, चौथं आणि आठवं स्थान मिळालं. दुसरी पायरी: हलका-जड, हलका-जड असा पाच वेळा साचा ठेवून बाकीचे शब्द बसवा. सहाव्या स्थानावर 'टु' येतो. साच्यात तो जड, पण बोलताना कुणी त्याच्यावर जोर देत नाही. तिथे ठोकून वाचलं की कविता पाढ्यासारखी वाटते. परीक्षेत 'साच्याप्रमाणे जड, उच्चारात हलका' एवढं लिहिलं तरी परीक्षकाला कळतं की ओळ कानानं वाचली आहे.
संज्ञांसाठी ॲब्रम्सची ग्लॉसरी, जुनी प्रत चालेल. पण तिच्यात प्रत्येक संज्ञेला स्वतंत्र नोंद नाही. 'आयॅम्बिक' (हलका-जड साचा) शोधायला गेलात तर ते 'मीटर' या निबंधात सापडतं. म्हणून आधी शेवटची सूची उघडायची. सूचीची पानं फाटलेली असतील तर घेऊ नका.

संत्रानगरी_77
ॲब्रम्सला अनुमोदन. माझ्या मते 2000 असे लावा: ॲब्रम्स जुनी, नॉर्टन 'बी' जुना मिळाला तर, बाकी मोबाईल. आणि कॉलेजच्या ग्रंथपालांकडून एन-लिस्टचं (कॉलेजांसाठीच्या ई-ग्रंथालयाचं) लॉगिन मागून घ्या. कॉलेज सदस्य असेल तर विद्यार्थ्याला ते मिळतं, ई-पुस्तकं आणि नियतकालिकं वाचता येतात. मागितल्याशिवाय सहसा कुणी देत नाही.

सिव्हिल_लाईन्स_निवृत्त
असाइनमेंटबद्दल दोन वाक्यं. साहित्यकृतीत काय घडतं ते वर्तमानकाळात लिहायचं, 'लिअर डिव्हाइड्स', 'डिव्हायडेड' नव्हे. आणि अवतरणं-संदर्भ देण्याच्या एमएलए पद्धतीत कवितेच्या तीन ओळींपर्यंतचं अवतरण वाक्यातच, मध्ये तिरपी रेघ देऊन. चौथी ओळ आली की वेगळा परिच्छेद, अर्धा इंच आत, अवतरणचिन्हांशिवाय. एआयला विचारून संदर्भ घेतलेस तर प्रत्येक पुस्तक आणि पान ग्रंथालयात स्वतः उघडून बघ. नसलेली पानं तो ठामपणे सांगतो.

काटोलहून
सगळ्यांचे मनापासून आभार. ठरवलं ते लिहिते. नॉर्टन घेत नाही, ॲब्रम्सही नाही. दोन्ही कॉलेजच्या ग्रंथालयात आहेत, तिथे बसून लागेल तेवढं उतरवून घेईन. छापील ऑक्सफर्ड शब्दकोश घेणार आहे, जुना. सगळे नको म्हणालात हे माहीत आहे, पण खोलीवर नेट नाही आणि वाचताना मोबाईल हातात नको आहे. सी-यू आणि आघाताची खूण बघायला तो जवळच हवा. उरलेल्या पैशात मिल्टन प्रिंट करून घेणार, मोठा समास ठेवून, म्हणजे सरांनी सांगितल्या तशा चौकटी-कंस करता येतील. बुक वन 798 ओळींचं आहे, पानाला 30 ओळी धरल्या तर 27 पानं.

धंतोलीकर
नॉर्टन नाही घेतलंस तर पुढच्या सेमिस्टरला पुन्हा हाच प्रश्न येईल. मी सांगून ठेवतो.

बर्डीवाचक
शब्दकोश घेणारच असाल तर 2015 ची नववी आवृत्तीही पुरेशी आहे, मागची डिस्क नसली तरी अडत नाही. मात्र चोरीची छपाई ओळखा. 'मेझर'ची नोंद उघडून उच्चाराची चिन्हं बघा. नकली प्रतीत ती बारीक चिन्हं शाईनं भरून गेलेली असतात आणि आघाताची उभी खूण दिसतच नाही. तुम्हाला नेमकी तीच हवी आहे.

रेशीमबागचा_भाऊ
रेन अँड मार्टिन माझ्याकडे पडून आहे, पाहिजे तर घेऊन जा, पैसे नको.

काव्यवेडी_प्रतापनगर
प्रिंट काढताना दर पाचव्या ओळीला क्रमांक असलेली संहिता निवडा आणि मोबाईलवरून थेट प्रिंट देऊ नका, ओळी तुटून दोन-दोन होतात. आधी पीडीएफ करा. पानाच्या एकाच बाजूला छापा, समोरची कोरी बाजू टिपांना होते. बुक टू पुढे लागणार असेल तर ते 1055 ओळींचं आहे, म्हणजे 36 पानं. दोन्ही एकदम छापलीत तर स्पायरल एकच पडेल.